हसायला सांगितलेला शनिवार

एल्मारना एकटेपणाचा अभिनय जमत नव्हता. दिग्दर्शिकेची तक्रार हीच होती, आणि पुढचं सगळं या तक्रारीतूनच झालं.

एल्मार माझ्या समोरच्या दारात राहतात. टालिनच्या मुस्तामाए वस्तीतली पाच मजली इमारत, दुसरा जिना, तिसरा मजला. चौतीस वर्षं त्यांनी शहरात ट्रॉलीबस चालवली. बायको जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी फिनलंडमध्ये नर्स आहे. मी उर्वे. शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पाण्यात काय आहे आणि किती आहे हे मोजून लिहून देणं हे माझं काम. दर रविवारी अकरा वाजता मी एल्मारच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला जायची. रेडिओवर समुद्राच्या हवामानाचा अंदाज लागलेला असायचा. आम्हा दोघांपैकी कुणाकडेही होडी नाही. तासाभरात आमची वीसेक वाक्यं होत असतील. मला त्याहून जास्त नको होती, आणि त्यांनाही नसावीत.

हे आधी सांगते, कारण ज्यांनी सिनेमा बघितला त्यांना वाटतं की या माणसाच्या घरी कुणी जातच नव्हतं.

आमच्या इमारतीत बाहेर पडण्याआधी माणूस दाराशी कान देतो. जिन्यात पावलं वाजत असली तर थांबतो. पावलं खाली उतरून गेली, बाहेरचं दार लागलं, की मग कुलूप काढतो. याला आम्ही माणूसघाणेपणा म्हणत नाही. समोरच्याला उगाच तोंड उघडायला लावू नये, एवढाच हेतू असतो. मी सत्तावीस वर्षं हेच करत आले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वर्षातला एक दिवस मात्र वेगळा. मे महिन्याचा पहिला शनिवार, सोसायटीचं श्रमदान. त्या दिवशी तिन्ही जिन्यांतली माणसं दंताळी घेऊन अंगणात उतरतात, हिवाळ्यात कुजलेली पानं ओढतात, बाकांना रंग देतात, आणि दुपारी वाटाण्याचं सूप पितात. सूप एल्मार करायचे. पंचवीस लिटरचं पातेलं त्यांचंच. शुक्रवारी सकाळी वाटाणे भिजत घालायचे, शनिवारी पहाटे सहाला अंगणात चूल पेटवायचे. त्या पातेल्याभोवती माणसं वर्षभराचं बोलून घ्यायची. "एल्मार, मीठ विसरलात." "मीठ नाही विसरलो, तुझी जीभ म्हातारी झाली." असलं काहीतरी. मग रविवारपासून पुन्हा दाराशी कान.

दिग्दर्शिका केर्तू आली ती मार्चमध्ये. बत्तीस-तेहतीस वर्षांची, बारीक, सतत थंडी वाजणारी मुलगी. तिच्या आधीच्या छोट्या सिनेमाला परदेशात बक्षीस मिळालं होतं. आमच्याकडचे असे सिनेमे मी बघितले आहेत. माणूस खिडकीशी उभा राहतो. बाहेर करड्या इमारती, बर्फ अर्धा वितळलेला. तो बराच वेळ उभा राहतो. मग सूप गरम करतो आणि एकटा पितो. शहरात कुणी कुणाचं नाही हे प्रेक्षकाला कळतं. माझा या सिनेमांवर राग नव्हता. त्यांतले दोन तर मला खरे वाटले होते. इमारती करड्या आहेत, त्यात खोटं काय.

तिला एल्मार बसथांब्यावर दिसले. रविवारी त्यांनी मला सांगितलं, "माझ्या चेहऱ्यात अख्खं शहर आहे म्हणे."

"कुठलं?"

"तेच विचारायचं राहिलं."

ते हो म्हणाले, त्याचं कारण मला ठाऊक आहे. पाच आठवडे घरात चौदा माणसं येणार होती. त्यांना ते आवडलं होतं.

पहिल्या दिवशी त्या चौदा जणांनी घर रिकामं केलं. फुलाफुलांचे पडदे काढले. मुलीचे फोटो काढले. खिडकीत टोमॅटोची रोपं होती, ती उचलून माझ्याकडे आणून ठेवली. मग स्वयंपाकघरातली दुसरी खुर्ची. मी तेव्हा तिथेच होते, खुर्चीवरून नुकतीच उठले होते.

"एकट्या माणसाला दोन खुर्च्या कशाला," केर्तू म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी नम्रपणे, "आणि उर्वे, तुम्हाला एक विनंती. शूटिंग संपेपर्यंत रविवारी येऊ नका. वातावरण टिकलं पाहिजे."

खुर्ची तळघरात गेली. जिन्यात मी एल्मारना म्हटलं, "तुमच्या घरातलं वातावरण टिकवायचंय, म्हणून मी यायचं नाही."

"पाच आठवडे हो," ते म्हणाले. "नंतर खुर्ची वर आणतो."

पण एल्मार रमले. सकाळी सातला चौदा जणांची कॉफी करायचे. दिवेवाल्याच्या बुटाची चेन तुटली ती त्यांनी शिवून दिली. आवाज टिपणाऱ्या मुलीला डेपोतले किस्से सांगायचे आणि कानांवर हेडफोन असल्यामुळे ती मोठ्याने हसायची. कॅमेरा सुरू झाला की ते खिडकीशी उभे राहायचे, आणि त्यांच्या तोंडावर एकच भाव असायचा: हे आटपलं की या पोरांना काहीतरी खायला घालू.

"एल्मारकाका," केर्तू म्हणायची, "तुम्ही एकटे आहात. जगात तुम्हाला कुणी विचारत नाही."

"बरं," एल्मार म्हणायचे. "किती वाजेपर्यंत?"

हे मला आवाजवाल्या मुलीनेच सांगितलं. तिला हसू आवरत नव्हतं. केर्तूला हसू येत नसणार. चार आठवडे संपत आले होते आणि जो चेहरा टिपायला ती आली होती तो तिला मिळाला नव्हता.

एप्रिलच्या शेवटी सोसायटीची सभा भरली, तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत. एल्मारना बोलावलं नव्हतं. आमचे चेअरमन रीहो, एक विमा कंपनीत काम करणारे गृहस्थ, म्हणाले की सिनेमावाल्यांचा एक प्रस्ताव आहे. केर्तू दालचिनीचे पाव घेऊन आली होती. तिने प्रस्ताव मांडला. एल्मारना सांगायचं की शूटिंगमुळे यंदा श्रमदान रद्द. शनिवारी ते खिडकीशी येतील आणि खाली बघतील तर सगळी इमारत अंगणात, सूप पितेय, हसतेय, आणि त्यांना कुणी बोलावलेलं नाही. कॅमेरा स्वयंपाकघरात आधीच लावलेला असेल.

कुणी काही बोललं नाही. आमच्या सभांमध्ये याचा अर्थ होकार असा धरतात.

पहिल्या जिन्यातल्या साल्मे, ज्या ऐंशीच्या आहेत आणि कुणाला भीत नाहीत, त्या म्हणाल्या, "आणि सूप कोण करणार? रीहो? मग मलाही बोलावू नका."

लोक हसले. केर्तू म्हणाली, सूप बाहेरून येईल. आणि मोबदला म्हणून तिची कंपनी तिन्ही जिने रंगवून देईल. जिन्यांचा रंग हा आमच्याकडे नऊ वर्षांचा वाद होता.

"कुठला रंग?" कुणीतरी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तो."

त्यानंतर अर्धा तास फिकट पिवळा की फिकट हिरवा यावर चर्चा झाली. मी सभेचं इतिवृत्त लिहिते. मी पेन खाली ठेवून म्हटलं, "हे त्यांना सांगून करायला हवं."

"सांगितलं तर चेहरा खोटा येईल," केर्तू म्हणाली. "नंतर लगेच सांगू ना. काका हसतील बघा. त्यांना विनोद कळतो."

"नंतर सांगू," रीहो म्हणाले.

मी लिहिलं: एल्मार यांना नंतर सांगायचे आहे. कोणी सांगायचे ते लिहिलं नाही. प्रयोगशाळेत मी असं कधीच करत नाही. तिथे प्रत्येक बाटलीवर नमुना कोणी घेतला, किती वाजता घेतला, कोणाच्या हाती दिला, सगळं असतं. इथे मी एका माणसाबद्दल लिहीत होते आणि नाव घालायला विसरले. विसरले असं म्हणते. खरं तर नाव विचारलं असतं तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि ते मला नको होतं.

मतदान झालं. विरोधात कुणी नाही, तटस्थ एक. तटस्थ मी. अजूनही या शब्दाची मला चीड येते.

एल्मारनी वाटाणे आधीच आणून ठेवले होते. बुधवारी जिन्यात त्यांनी रीहोंना दुसऱ्यांदा विचारलं, मी दाराआडून ऐकत होते. "अगदी नक्की नाही?"

"अगदी नक्की नाही," रीहो म्हणाले. "सिनेमा म्हणजे सिनेमा. काय करणार."

"मग पुढच्या शनिवारी करू. तोवर यांचं संपेल."

"बघू."

शनिवारी अकराला आम्ही अंगणात होतो. ऊन होतं, गार वारा होता. साधारण चाळीस जण. सूप प्लास्टिकच्या डब्यांतून आलं होतं, त्यात वाटाणे शोधावे लागत होते. केर्तूची मदतनीस, कानात यंत्र घातलेली एक मुलगी, झुडपापाशी उभी होती. तिने हात वर केला की सगळ्यांनी हसायचं असं ठरलं होतं. सुरुवातीला कुणाला जमेना. कारणाशिवाय हसायची आम्हाला सवय नाही. मग रीहोंनी गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, नाटकात हसतात तसं हसून दाखवलं, आणि बाकीचे त्यांच्यामागे.

मी वर बघितलं. एल्मार खिडकीशी आले होते. काचेवर आकाश पडलं होतं, पण चेहरा दिसत होता. ते आधी कपाळाला आठ्या घालून माणसं मोजत असल्यासारखे बघत होते, जसं थांब्यावर गर्दी बघतात. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली. माझ्या हातात दंताळं होतं. त्या मुलीने हात वर केला.

मी हसले.

चार वेळा हसवलं आम्हाला. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथे उभे होते. मग ते आत वळले. झुडपापाशी ती मुलगी कानातल्या यंत्राला धरून म्हणाली, "मिळालं. मिळालं म्हणतेय. केर्तू रडतेय."

सोमवारी सिनेमावाले सामान घेऊन गेले. पंधरा दिवसांत जिने रंगले, फिकट हिरवे. आणि एल्मारना कुणी काही सांगितलं नाही.

हे कसं होऊ शकतं असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्याकडे सहज होऊ शकतं. केर्तूला वाटलं शेजारी सांगतील, त्यांचा माणूस आहे. रीहोंना वाटलं केर्तू सांगेल, तिचा सिनेमा आहे. बाकीच्यांना वाटलं उर्वे सांगेल, समोरच राहते. मला वाटलं त्यांना कळलंय, ते दुखावलेत, आणि दुखावलेल्या माणसाला त्रास देऊ नये. रविवारी अकरा वाजता मी तयार होऊन माझ्या दाराशी उभी राहायची. बोलावणं आलं नव्हतं. आधीही कधी बोलावणं येत नसे, पण आता मला बोलावल्याशिवाय जाणं उद्धटपणाचं वाटू लागलं. पलीकडे रेडिओवर हवामान संपायचं, मग रेडिओ बंद व्हायचा.

मी बाहेर पडताना त्यांच्या दारामागे लाकडी जमीन करकरायची आणि थांबायची. ते माझी पावलं जायची वाट बघत होते. मी माझ्याकडून पावलं लवकर टाकायची, त्यांना ताटकळायला नको म्हणून. जून, जुलै, ऑगस्ट. आम्ही एकमेकांची अशी काळजी घेतली. टोमॅटोची रोपं मी त्यांच्या दारात ठेवून आले, चिठ्ठीशिवाय. दुसऱ्या दिवशी ती आत गेलेली होती.

नोव्हेंबरमध्ये निमंत्रणं आली. रविवार, दुपारी चार. सोसायटीसाठी दोन रांगा राखून ठेवल्या होत्या. एल्मार पुढे, केर्तूशेजारी, काळ्या सुटात. तो सूट मी त्यांच्या बायकोच्या अंत्यविधीला बघितला होता.

सिनेमा चांगला होता. मला तो वाईट असता तर बरं झालं असतं. शहर तसंच होतं जसं ते मार्चमध्ये असतं. खिडकीचं दृश्य शेवटाकडे आलं. अंगण दिसत नव्हतं, फक्त हसण्याचा आवाज खालून येत होता आणि पडदाभर एल्मारचा चेहरा होता. साडेतीन मिनिटं. आधी कुतूहल. मग ओळख. मग, एका ठरावीक क्षणी, काहीतरी आतल्या आत बसलं, जसा साका तळाशी बसतो. तो क्षण कोणता ते त्या सभागृहात मला एकटीलाच माहीत होतं. त्यांची नजर माझ्यावर आली तो.

माझ्या शेजारची अनोळखी बाई डोळे पुसत होती. रीहो हळूच म्हणाले, "आपलं हसणं चांगलं आलंय हं."

दिवे लागले, टाळ्या झाल्या, फुलं दिली. मग प्रश्न. एका तरुणाने विचारलं की कधीही अभिनय न केलेल्या माणसाकडून हा चेहरा कसा मिळवला.

केर्तू खूश होती. तिने सगळं सांगितलं. श्रमदान, खोटा निरोप, बाहेरून आणलेलं सूप, हात वर करणारी मदतनीस. "सगळी इमारत माझ्या बाजूने उभी राहिली," ती म्हणाली. "एकटेपणावरचा सिनेमा आम्ही सगळ्यांनी मिळून केला." लोक कौतुकाने हसले. सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपक एल्मारकडे दिला आणि विचारलं, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं.

एल्मारनी ध्वनिक्षेपक दोन्ही हातांत धरला. "हे ठरवून केलं होतं?"

"काका," केर्तू म्हणाली, "तुम्हाला नंतर सांगितलं ना सगळ्यांनी." आणि तिने आमच्या रांगेकडे बघितलं.

रीहो आपल्या बुटांकडे बघत होते. साल्मे पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. एल्मारनी आमच्याकडे एकदा नजर फिरवली, ध्वनिक्षेपक खुर्चीवर ठेवला, घरंगळणार नाही अशा बेताने, आणि बाजूच्या दाराने निघून गेले.

सूत्रसंचालक म्हणाला, हा सिनेमा किती खोल जातो त्याचाच हा पुरावा. पुढचा प्रश्न.

मी उभी राहिले. आमच्याकडे असल्या कार्यक्रमांत फारसं कुणी उभं राहत नाही.

"उर्वे, खाली बस," साल्मेंनी माझी बाही ओढली. "लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं. मग केर्तूला: "मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. बाटलीत आपल्याच हाताने शिसं टाकायचं आणि पाण्यात शिसं सापडलं असा अहवाल द्यायचा, असं कुणी केलं तर आमच्याकडे त्याला घरी पाठवतात. इथे फुलं देतात."

केर्तूचा चेहरा लाल झाला, पण तिने उत्तर दिलं. "मला तुमचा राग समजतो. पण तो एकटेपणा तिथे होताच. मी फक्त तो दिसू दिला."

"तिथे मी होते. माझी खुर्ची तुम्ही तळघरात ठेवलीत."

"मग सहा महिन्यांत तुम्ही ती वर का नाही आणली?"

हे तिने खवचटपणे विचारलं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच मला तिला मारावंसं वाटलं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी खाली हसत होते. हेही तुमच्या अहवालात घाला." आणि रांगेतल्या गुडघ्यांवरून अडखळत बाहेर पडले.

घरी जायला मी बस पकडली. केर्तूवर राग होता, रीहोंवर होता, हिरव्या जिन्यावर होता. थांब्यामागून थांबा गेला तसा तो एकेकाला सोडून माझ्यापाशी येऊन बसला. चार पावलं. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत एवढंच अंतर आहे. सहा महिने मी त्याला सभ्यपणा म्हणत होते.

साडेसहाला मी त्यांची बेल वाजवली. आत जमीन करकरली आणि थांबली.

"एल्मार, तुम्ही दाराशी आहात. मला ऐकू येतंय."

आतून आवाज आला. "उद्या बोलू."

"मे महिन्यापासून उद्याच चाललाय. दार उघडा."

"जिन्यात आवाज घुमतो, उर्वे."

"घुमू दे." खालच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं दाराशी येऊन थांबली होती. मी कठड्यावरून वाकून खाली म्हटलं, "ऐकायचंय ना, मग नीट ऐका. आपण मतदान केलं होतं. या माणसाला खाली बोलवायचं नाही यावर आपण हात वर केले आणि मग रंग निवडला." सत्तावीस वर्षांत त्या जिन्यात मी आवाज चढवला नव्हता. तो माझ्याच कानांना परका लागला.

दार उघडलं. एल्मार सुटात, टाय तसाच, पायात मोजे. ते माझ्या मागे, कुठेतरी भिंतीकडे बघत होते.

"मला एकच सांगा," ते म्हणाले. "विनोद काय होता?"

"कुठला?"

"मे महिन्यातला. सगळे हसत होतात. रीहो वाकून हसत होता. तुम्ही वर बघितलंत, मला बघितलंत, आणि मग हसलात." त्यांनी घसा साफ केला. "मला वाटलं, श्रमदान पुन्हा ठरलं आणि मला सांगायला विसरले असतील. माणसं विसरतात, ते चालतं. पण हसत का होते? शर्टचं बटण वरखाली लागलं होतं का, बघितलं. सिनेमात काम करतो म्हणून चिडवत असतील, असंही वाटलं. मुलीला फोनवर विचारलं, मी हसण्यासारखा दिसतो का. ती म्हणाली, बाबा, डॉक्टरांना दाखवा."

"विनोद नव्हता," मी म्हटलं. "एक मुलगी हात वर करत होती. तिने हात वर केला की हसायचं."

"कुणी काही बोललं नव्हतं?"

"नाही."

"माझ्याबद्दलही नाही?"

"कशाबद्दलच नाही."

त्यांनी यावर विचार केला. ते हिशोबी माणूस आहेत, वेळापत्रकावर जगलेले. सहा महिने त्यांनी जे शोधलं ते तिथे नव्हतंच, हे त्यांना पचायला वेळ लागला.

"निदान विनोद तरी असायला हवा होता," ते म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज चढला. मी तो कधी ऐकला नव्हता, चौतीस वर्षांत त्यांच्या प्रवाशांनीही ऐकला नसेल. "काहीच नव्हतं, आणि तुम्ही हसलात. बाकीच्यांचं सोडा, ते माझे कोण. तुम्ही समोर होतात. सहा महिने, रोज सकाळी, इथे, या दारासमोर. काय समजत होतात तुम्ही? की मी मजेत आहे?"

"मला वाटलं, तुम्हाला शांतता हवीय."

"मला विचारलंत?"

"नाही."

"नाही म्हणून सुटता येत नाही, उर्वे."

मला माफी मागायची होती. शब्द ओठांवर होते. पण मी आमची माणसं ओळखते. मी माफी मागितली असती तर त्यांनी तिथल्या तिथे "असू दे" म्हटलं असतं, मान हलवली असती, आणि दार हळूच लावून घेतलं असतं. नंतर आम्ही दोघं मरेपर्यंत एकमेकांच्या पावलांचा मान राखत जगलो असतो. म्हणून मी माफी मागितली नाही. पाय उंबरठ्यावर ठेवला आणि म्हटलं, "अजून काय?"

"अजून काय म्हणजे?"

"अजून जे काही आहे ते. मी कुठे जात नाही."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि ती नजर अजिबात प्रेमळ नव्हती. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. वाटाणे, रीहोने दोनदा तोंडावर सांगितलेलं खोटं, चिठ्ठी न ठेवता दारात टाकलेली रोपं, जणू कुणी मेलंय. मोठ्याने, एकामागून एक. मध्येच जिन्यातला दिवा आपोआप विझला. ते थांबले. मी चाचपडत बटण दाबलं, दिवा लागला, आणि त्यांनी अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे उचललं.